नोकरी सांभाळून बिझनेस आणि आयटी एकत्र शिकायचं तर कुठली पदवी?

भोसरीचा_हिशेबनीस
नमस्कार मंडळी,
बी.कॉम. झालंय, नोकरी ऑटो पार्ट्सच्या कंपनीत अकाउंट्सला. रोजचं काम टॅली, एक्सेल आणि सॅपमधे खरेदीची बिलं. पुढे ईआरपी फंक्शनल (सॅपसारखी सगळ्या खात्यांची एकत्र प्रणाली धंद्याला जुळवून देणारा) किंवा बिझनेस ॲनालिस्टच्या बाजूला सरकायचं आहे. नोकरी सोडणं शक्य नाही. आठवड्याला १२ ते १५ तास निघतात. बारावीला गणित होतं.

डोळ्यासमोर चार वाटा आहेत. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने एमबीए, त्यात आयटी/सिस्टिम्स. किंवा एमसीए. किंवा आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बीएस, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून पदवी. किंवा पदवी नकोच, सुटे कोर्स.

"मार्केटमधे चालतं का" यावर भरपूर सल्ले मिळालेत. मला विचारायचंय ते वेगळं: निवड नेमकी कशावरून करायची, आणि नोकरी करणारे लोक मधेच का सोडतात?

चिंचेचं_बोटुक
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: मार्च एंड.

क्रेडिटराव
आधी तास मोजा, मग पदवीचं नाव बघा. राष्ट्रीय क्रेडिट चौकटीत वर्षाला ४० क्रेडिट म्हणजे १२०० तास धरलेत. एका क्रेडिटला ३० तास. यात लेक्चर, वाचन, गृहपाठ, प्रात्यक्षिक सगळं आलं.

सेमिस्टर २० क्रेडिटची असेल तर ६०० तास. सहा महिन्यांतून परीक्षेचे आणि सणवारांचे आठवडे वजा केले की हातात २२ आठवडे उरतात. म्हणजे आठवड्याला २७ तास. तुमच्याकडे १२ ते १५ आहेत. त्यात ९ ते ११ क्रेडिट बसतात, त्यापुढे नाही. दोन वर्षांची, ८० क्रेडिटची पदव्युत्तर पदवी या वेगाने चार वर्षांवर जाते.

म्हणून माहितीपत्रकात "किमान कालावधी" बघू नका, "कमाल कालावधी" बघा. इग्नूच्या एमसीएला किमान दोन, कमाल चार वर्षं आहेत. तुमच्या तासांनी चार वर्षं काठोकाठ लागतात. एक सेमिस्टर हातची गेली की गळ्याशी. दुसरं, पुनर्नोंदणी. बऱ्याच मुक्त विद्यापीठांत मागचे पेपर सुटले नसले तरी पुढच्या वर्षाची नोंदणी करता येते. लोक करतात, आणि तिसऱ्या सहामाहीत अंगावर नऊ पेपर असतात. सोडण्याचं खरं कारण तिथे असतं.

नदीकाठ
क्रेडिटराव, हिशोब बरोबर पण सपाट आहे. ३० तास ही सरासरी. बी.कॉम.वाल्याला फायनान्शियल अकाउंटिंगचा ४ क्रेडिटचा पेपर १२० तासांचा नसतोच, ५०-६० तासांत होतो. उलट डेटा स्ट्रक्चर्स किंवा ऑपरेटिंग सिस्टिम त्याच ४ क्रेडिटमधे १८० तास खातात. प्रत्येक विषयाला स्वतःचा गुणक लावा: येतो त्याला अर्धा, अनोळखी असेल त्याला दीडपट. आणि एका सेमिस्टरला दीडपटवाला एकच विषय घ्या. दोन घेतले की दोन्ही जातात.

पाटीपेन्सिल
प्रवेश घेण्याआधी कागदपत्रांचं एवढं करा. जाहिरातीत सगळंच "यूजीसी मान्यताप्राप्त" असतं.

१. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या पोर्टलवर विद्यापीठाचं नाव शोधा. नुसतं विद्यापीठ सापडून उपयोग नाही. मान्यता अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक असते. तुमचं सत्र, तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचा प्रकार (दूरशिक्षण की ऑनलाइन) या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत दिसल्या पाहिजेत.
२. अशा अभ्यासक्रमांना डीईबी आयडी लागतो, तो काढायला आधी एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या सरकारी खात्याचा क्रमांक). नावाचं स्पेलिंग आधारवर, बी.कॉम.च्या गुणपत्रिकेवर आणि एबीसीवर तंतोतंत एक हवं. मधलं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावर अर्ज अडतो.
३. एमबीए, एमसीए असेल तर एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) मंजुरीचं काय ते संस्थेकडून लेखी घ्या.
४. गल्लीतला क्लासवाला "आमच्याकडे सेंटर आहे, फी इथेच भरा" म्हणाला तर उठून या. दूरशिक्षण फ्रँचायझीवर चालवायला बंदी आहे. फी विद्यापीठाच्या खात्यातच गेली पाहिजे.

आणि हो, २०२० च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीला समकक्ष आहे. एचआरने नाक मुरडलं तर हे दाखवता येतं. नाक सरळ होईलच असं नाही.

खातेवही
मूळ प्रश्नाकडे. "धंदा + संगणक" असं नाव असलेल्या पदव्यांमधे बहुतेक वेळा निम्मे पेपर इकडचे आणि निम्मे तिकडचे एकाशेजारी एक ठेवलेले असतात. जोड विद्यार्थ्याने मारायची. त्यामुळे अभ्यासक्रम हातात घेऊन सांधा शोधा: डेटाबेस, सिस्टिम ॲनालिसिस, प्रोसेस मॉडेलिंग, ईआरपी, अकाउंटिंग इन्फर्मेशन सिस्टिम्स. यांपैकी तीन विषय नसतील तर ते दोन अर्धवट डिप्लोमे आहेत.

सांधा म्हणजे काय, ते हिशेबनीस रोज बघत असणार. पीओ (खरेदीची ऑर्डर) १०० नगांची, दर ५००. गेटवर ९५ नगच आले. स्टोअरने मिगो (सॅपमधली आवकेची नोंद) केलं: स्टॉक डेबिट ४७,५००, जीआर-आयआर (आवक आणि बिल यांच्यामधलं तात्पुरतं खातं) क्रेडिट ४७,५००. सप्लायरचं बिल मात्र १०० नगांचं, ५०,००० अधिक १८ टक्के जीएसटी ९,०००. मिरोमधे (बिलाच्या नोंदीत) सिस्टिम ९५ सुचवते. क्लार्क बिल बघून १०० टाकतो. आता जीआर-आयआर डेबिट ५०,०००, इनपुट टॅक्स (खरेदीवरचा, पुढे वजा मिळणारा जीएसटी) डेबिट ९,०००, व्हेंडर क्रेडिट ५९,०००. जीआर-आयआरमधे २,५०० लोंबकळले, आणि नगांचा फरक सेट केलेल्या टॉलरन्सबाहेर (चालवून घ्यायच्या मर्यादेबाहेर) असल्याने बिल पेमेंटसाठी ब्लॉक झालं.

अकाउंटंट म्हणतो "सॅपने अडवलं". आयटीवाला म्हणतो "युजर एरर". दोघांनाही अर्धंच दिसतंय. तीन टेबलांतल्या नगांची (ऑर्डर, आवक, बिल) ओळीला ओळ लावून तुलना झालीय, आणि जीएसटीचा नियमही त्याच बाजूला आहे: माल हातात आल्याशिवाय इनपुट क्रेडिट नाही, आणि एका बिलाचा माल हप्त्यांत येत असेल तर शेवटचा हप्ता आल्यावर. म्हणजे पाच नगांसाठी अख्ख्या ९,००० चा प्रश्न. मग उरलेले पाच मागवायचे, की सप्लायरकडून क्रेडिट नोट घ्यायची, की एमआरबीआरमधून (अडकलेली बिलं सोडायच्या स्क्रीनवरून) ब्लॉक काढून पैसे देऊन टाकायचे, आणि हा अधिकार कोणाला असावा? फंक्शनल कन्सल्टंटचा पगार याच प्रश्नाचा असतो.

ज्या पदवीत हा व्यवहार तुम्हाला जर्नल एंट्री म्हणून, टेबल म्हणून आणि प्रोसेसचा नकाशा म्हणून अशा तिन्ही रूपांत मांडायला लावतील, ती घ्या.

सासवडकर
खातेवही, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

एमबीए_पण_बरा
इतकं खोल कुणी बघत नाही हो. कंपनीतली बढती "पदव्युत्तर पदवी: आहे/नाही" या रकान्यावर अडते. त्यासाठी मान्यताप्राप्त एमबीए पुरतं. सिस्टिम्स स्पेशलायझेशनमधे ईआरपी, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, बिझनेस ॲनालिटिक्स येतंच. एमसीए करून वयाच्या तिशीत कम्पायलर कशाला शिकायचा? आणि मॅनेजरला कोड लिहायचा नसतो.

लेफ्ट_जॉइन
@एमबीए_पण_बरा: रकाना भरायचा असेल तर शंभर टक्के सहमत. पण धागाकर्त्याला बाजू बदलायची आहे. फंक्शनलच्या मुलाखतीत स्पेशलायझेशनचं नाव कोणी विचारत नाही. विचारतात असं: एक बिल आहे, १,१८,००० चं. त्यात तीन आयटम. त्यासमोर दोन पेमेंटं, ५०,००० आणि ६८,०००. बिल, बिलाच्या ओळी आणि पेमेंट अशी तीन टेबलं बिल नंबरवर जॉइन करून (ओळी जुळवून जोडून) बेरीज घेतली. रिपोर्टमधे पेमेंट ३,५४,००० का दिसलं?

कोड लिहू नका, पण एवढं सांगता आलंच पाहिजे. ज्यांना येतं त्यांनी लगेच उत्तर देऊ नका, इतरांना विचार करू द्या.

चिंचेचं_बोटुक
कारण सप्लायर मालकाचा मेहुणा आहे.

रानजाई
@लेफ्ट_जॉइन: डिस्टिंक्ट (सारखी मूल्यं एकदाच धरणं) लावा की. सुटला प्रश्न.

लेफ्ट_जॉइन
@रानजाई: दोन्ही पेमेंटं ५९,००० ची असती तर? बेरजेत डिस्टिंक्ट लावला की एकच धरलं जाईल आणि निम्मं बिल थकलेलं दिसेल. सप्लायरचा फोन तुम्हीच घ्या मग. :)

गणिती_गाढव
एमसीएच्या वाटेबद्दल. वाणिज्यवाले प्रोग्रॅमिंगला घाबरतात आणि आपटतात भलतीकडेच. पहिला खड्डा डिस्क्रीट मॅथ्स: सेट, रिलेशन, लॉजिक, मोजणी. बारावीच्या कॉमर्सच्या गणितात त्यातलं थोडं येतं, पण इथे खोलात जावं लागतं. दुसरा खड्डा रिकर्शन आणि पॉइंटर. तिसरा ऑपरेटिंग सिस्टिम, कारण ती पाठ होते आणि पेपरात उदाहरण येतं.

संगणकाची पदवी नसलेल्यांना एमसीएला बऱ्याच ठिकाणी ब्रिज कोर्स करावा लागतो. त्याचा बोजा मूळ क्रेडिटांच्या वर असतो, वेळापत्रक आखताना लोक तो धरतच नाहीत. प्रवेशाआधी तीन महिने काढून दोनच गोष्टी करा: पायथनमधे लूप, फंक्शन, डिक्शनरी, आणि डिस्क्रीट मॅथ्सची पहिली चार प्रकरणं पेन्सिलीने सोडवून. व्हिडिओ बघून नव्हे, सोडवून.

प्रात्यक्षिकाच्या हजेरीचा नियम वेगळा वाचा. लेक्चरला गेलं नाही तरी चालतं, लॅबला चालत नाही. केंद्र शिवाजीनगरला आणि नोकरी भोसरीला असेल तर शनिवारी सुट्टी आहे का, यावर पदवी अवलंबून आहे.

दोसा_आणि_डेटा
आयआयटी मद्रासच्या बीएसबद्दल.

जेईई नाही. चार आठवड्यांचा क्वालिफायर, चार विषय, त्याची परीक्षा. मग फाउंडेशन: आठ विषय, ३२ क्रेडिट. गणित दोन, स्टॅटिस्टिक्स दोन, इंग्रजी दोन, कम्प्युटेशनल थिंकिंग आणि पायथन. पुढे दोन डिप्लोमा, प्रत्येकी २७ क्रेडिट: एक प्रोग्रॅमिंगचा (डीबीएमएस म्हणजे डेटाबेस व्यवस्थापन, डेटा स्ट्रक्चर्स, जावा, वेब ॲप, सिस्टिम कमांड्स) आणि एक डेटा सायन्सचा. ११४ क्रेडिटला बीएस्सी, १४२ ला बीएस. प्रत्येक टप्प्याला बाहेर पडता येतं, हातात प्रमाणपत्र घेऊन. नोकरीवाल्याला हीच खरी सोय.

वर्षात तीन टर्म: जानेवारी, मे, सप्टेंबर. चार क्रेडिटचा विषय बारा आठवडे, आठवड्याला साधारण दहा तास. क्रेडिटरावांचे ३० तास इथे चोख लागू होतात. तुमच्या वेळात एक विषय निवांत बसतो, दोन बसत नाहीत.

धंद्याची बाजू डेटा सायन्स डिप्लोमात आहे: बिझनेस डेटा मॅनेजमेंट, त्याचा प्रोजेक्ट आणि बिझनेस ॲनालिटिक्स. प्रोजेक्टला खऱ्या धंद्याचा डेटा लागतो. किराणा, मेडिकल, गॅरेज काहीही चालतं. अकाउंट्समधल्या माणसाला हा प्रोजेक्ट सोपा जातो, कारण इतरांचा निम्मा वेळ दुकानदाराची वही समजून घेण्यात जातो.

अडतं कुठे? क्विझ आणि एंड-टर्म केंद्रावर जाऊन द्यायच्या, रविवारी. दर आठवड्याच्या गृहपाठाची तारीख हलत नाही; सुरुवातीच्या गृहपाठांची ठराविक सरासरी नसेल तर एंड-टर्मला बसताच येत नाही. प्रोग्रॅमिंगच्या विषयांना वेळ लावून, कॅमेऱ्यासमोर कोड लिहायची परीक्षा असते. तिथे "कल्पना बरोबर होती" याला गुण नाहीत, टेस्ट केस पास झाली पाहिजे.

खातेवही
पण त्यात ईआरपी नाही, प्रोसेस मॉडेलिंग नाही, आणि अकाउंटिंग नावापुरतं. ती डेटाची पदवी आहे, चांगली आहे, पण हिशेबनीसांचं गाव वेगळं.

दोसा_आणि_डेटा
मान्य. पण अकाउंटिंग त्यांना येतं ना? जे येत नाही ते शिकावं.

चर्चगेट_फास्ट
सगळे ऑनलाइनच्या मागे, म्हणून आठवण करून देतो. मुंबई विद्यापीठाची एमआयएम, म्हणजे मास्टर इन इन्फर्मेशन मॅनेजमेंट, तीन वर्षांची अंशकालीन पदवी आहे, नोकरदारांसाठीच आखलेली. एमएफएम आणि एमएमएम (फायनान्स आणि मार्केटिंगची) तिची भावंडं. संध्याकाळी नाहीतर शनिवार-रविवारी वर्ग, आणि प्रवेशाला नोकरीचा अनुभव लागतो. कुठल्या संस्थेत तुकडी भरतेय ते त्या वर्षी चौकशी करून बघा. शेजारी बसणारा बँकेतला, मागचा पोर्ट ट्रस्टमधला, ही गंमत ऑनलाइनमधे नाही.

चिंचेचं_बोटुक
भोसरीहून चर्चगेटला संध्याकाळी सहाला. परत यायला डेक्कन क्वीन नाही, ती पाच-दहालाच सुटते. सिंहगडही नाही. मुक्काम पोस्ट प्लॅटफॉर्म.

श्टुटगार्टकर
थोडं अवांतर, इकडे असलेल्या मराठी मंडळींसाठी. जर्मनीत ही जोड म्हणजे स्वतंत्र विद्याशाखाच आहे, विर्टशाफ्ट्सइन्फॉर्माटिक. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी हागेनचं फेर्नयुनिव्हर्सिटेट, १९७४ सालचं सरकारी दूरशिक्षण विद्यापीठ. बॅचलर १८० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट), बहुतेक मॉड्यूल १० चं, म्हणजे ३०० तासांचं. अंशकालीन नोंदणी केली तर आठवड्याला २० तास धरायचे आणि सहा वर्षं.

खातेवही म्हणतात तो सांधा तिथे पहिल्या वर्षापासून असतो, कारण प्रोसेस मॉडेलिंग हा कणाच आहे. ईपीसी नावाची आकृतीपद्धत सारब्रुकेनला प्रा. ऑगस्ट-विल्हेल्म शेअर यांच्या गटातून १९९२ मधे आली, आणि सॅपच्या जुन्या रेफरन्स प्रोसेस तिच्यातच काढलेल्या. आता बीपीएमएन ही आकृतीपद्धत जास्त चालते. हिशेबनीस, पदवी कुठलीही घ्या, बीपीएमएन शिका. खातेवहींचं ९५ नगांचं उदाहरण चार लेनमधे (प्रत्येकाची एक पट्टी) काढा: खरेदी, स्टोअर, अकाउंट्स, सप्लायर. "९५ आले" इथे फाटा फुटतो. त्या फाट्यावर निर्णय कुणाच्या लेनमधे आहे हे काढताना पेन थांबतं, आणि कंपनीतही नेमकं तिथेच काम थांबतं.

इकडच्यांसाठी दोन गोष्टी. हागेनला जर्मन चांगलं हवं, पेपर जर्मनमधे लिहायचे असतात. आणि मास्टर करायचं असेल तर बी.ई. आहे एवढ्याने भागत नाही: बिझनेस, इन्फॉर्मेटिक्स, गणित-सांख्यिकी यांचे क्रेडिट वेगवेगळे मोजतात, आणि मेकॅनिकलवाल्याचे बिझनेसचे क्रेडिट कमी पडतात. अर्जाआधी मार्कशीटवरून तक्ता करून ठेवा. दुसऱ्या पदवीचा खर्च इथे करपत्रात नोकरीचा खर्च म्हणून दाखवता येतो, पावत्या जपा.

संपादकीय_डुलकी
जर्मनीबद्दल वेगळा धागा काढलात तर बरं, इथे विषय भरकटायला नको.

मार्चएंडची_मारिया
बोटुकांचा विनोद विनोद नाहीये. अकाउंट्सवाल्याने कॅलेंडर शेजारीशेजारी ठेवून बघावं. दर महिन्याला ७ तारखेला (एप्रिल सोडून) टीडीएस भरणा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी (दोन्ही जीएसटीची विवरणपत्रं). म्हणजे महिन्यातले पहिले वीस दिवस संध्याकाळ तुमची नाही. ३१ मे टीडीएसचं चौथ्या तिमाहीचं रिटर्न. ३० सप्टेंबर टॅक्स ऑडिट.

इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरला. जूनच्या परीक्षेचे असाइनमेंट मार्च-एप्रिलच्या आसपास द्यायचे, डिसेंबरचे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास. दोन्ही तारखा बरोब्बर आपल्या छातीवर. उपाय एकच, असाइनमेंट शेवटच्या महिन्यावर टाकायचे नाहीत. प्रश्न पोर्टलवर आधीच येतात. जानेवारी-फेब्रुवारीत आणि जुलै-ऑगस्टमधे लिहून मोकळं व्हायचं. ३० टक्के गुण तिथे आहेत, परीक्षेला ७०. असाइनमेंट न देता पेपर दिला तर पेपर पास होऊनही विषय अपूर्ण राहतो, निकालात नुसती रेघ.

आठवड्याचे १५ तास म्हणजे रोज दोन तास असं धरूच नका. २१ ते ३० तारखेला रोज अडीच-तीन, १ ते २० ला फक्त रविवार. महिन्याची बेरीज पन्नासच्या आसपास येते. महिनाभराचे तास मोजा, दिवसाचे नको.

नदीकाठ
मारिया, +१००. हे माहितीपत्रकात छापायला हवं.

भोसरीचा_हिशेबनीस
सगळ्यांचे आभार. खातेवही, आमच्या जीआर-आयआरमधे दोन-दोन वर्षांपूर्वीच्या रकमा लोंबकळताहेत, आज यादी काढून बसलो.

अजून तीन प्रश्न: फीवर करसवलत मिळते का? कंपनीने फी दिली तर बाँड (अमुक काळ नोकरी न सोडण्याचा करार) घ्यावा का? आणि कंपनीचा डेटा प्रोजेक्टला वापरता येतो का?

पाटीपेन्सिल
स्वतःच्या फीवर वजावट नाही. ट्यूशन फीची जी वजावट आहे ती मुलांच्या फीची. शैक्षणिक कर्ज घेतलं तर व्याज वजा होतं, तेही जुनी करपद्धत घेतली तर.

बाँडमधे चार ओळी शोधा. मुदत पदवी संपल्यापासून मोजतात की प्रत्येक हप्त्यापासून? मधे सोडल्यास पूर्ण रक्कम की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात? कंपनीने कमी केलं तर काय? आणि विषय राहिला तर पुनर्परीक्षेची फी कुणाची? प्रमाणात वसुली असेल तर घ्या. पदवी संपल्यावर तीन वर्षं आणि पूर्ण रक्कम असेल तर स्वतःच्या पैशाने सुटे विषय घेणं स्वस्त पडतं.

खातेवही
डेटाबद्दल: लेखी परवानगी घ्या, ईमेल चालेल, पण ती खातेप्रमुखाची हवी. सप्लायरची नावं काढून कोड द्या. जीएसटीआयएन, पॅन, बँक खातं हे रकाने पूर्ण उडवा, लपवू नका. एक्सेलमधे कॉलम हाइड करून फाइल पाठवणारे लोक आहेत. सगळ्या रकमांना एकाच गुप्त आकड्याने गुणा; प्रमाण टिकतं, खरा दर कळत नाही. तारखा मात्र हलवायच्या तर सगळ्या सारख्याच दिवसांनी. आवक आणि बिल यांतलं अंतर बिघडलं की विश्लेषणात काही राहत नाही.

पैसेवाला_डेसिमल
प्रोजेक्टचा विषय निघालाय तर. डेटाबेसमधे रक्कम फ्लोटमधे (दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवू नका. डेसिमल, एकूण पंधरा अंक, दोन दशांश. फ्लोटमधे ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, आणि ताळेबंदात एका पैशाचा फरक सुद्धा फरकच असतो.

पूर्णांकन कुठे करायचं तेही आधी ठरवा. १०.०६ च्या तीन ओळी, सीजीएसटी ९ टक्के. ओळीला ०.९०५४, म्हणजे ०.९१, तिन्हींचे २.७३. एकूण ३०.१८ वर काढलं तर २.७१६२, म्हणजे २.७२. दोन्ही "बरोबर". सप्लायर एका पद्धतीने करतो, तुमची सिस्टिम दुसऱ्या, आणि बिल जुळत नाही म्हणून पडून राहतं. वर्गात हे प्रोग्रॅमिंगच्या मास्तरांना क्षुल्लक वाटतं आणि अकाउंटिंगच्या मास्तरांना ते संगणकाचं काम वाटतं.

रानजाई
सगळं खरं, पण मग पदवी कुठली? ३० प्रतिसाद होतील आणि हिशेबनीस अजून भोसरीतच.

एमबीए_पण_बरा
माझं मत तेच. एमबीए.

गणिती_गाढव
एमसीए, चार वर्षांची तयारी ठेवून. वाणिज्य आहेच, संगणक नाही.

खातेवही
मी आधी पाहणी सुचवेन, मग प्रवेश. स्वयम-एनपीटीईएलवर (सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर) डीबीएमएसचा एक कोर्स आणि सिस्टिम ॲनालिसिसचा किंवा ईआरपीचा एक घ्या. शिकणं फुकट, परीक्षेचे १,००० रुपये. गृहपाठ २५, परीक्षा ७५. प्रमाणपत्राला गृहपाठात १० आणि परीक्षेत ३० लागतात. एका सत्राला एकच. मारियांच्या कॅलेंडरमधे गृहपाठ वेळेवर गेले आणि डीबीएमएस आवडला तर एमसीए. गृहपाठ वेळेवर गेले पण कंटाळा आला तर एमबीए, आणि सांध्याचे विषय इलेक्टिव्ह म्हणून. गृहपाठच गेले नाहीत तर कुठल्याच पदवीला चार वर्षांची फी भरू नका.

कंपनीचा पाठिंबा असेल तर बिट्स पिलानीचा वर्क इंटिग्रेटेड कार्यक्रमही बघा, १९७९ पासून चालू आहे. तिथे नोकरी ही अडचण धरत नाहीत, अटच असते.

क्रेडिटराव
आणि दोन पदव्या एकदम घेण्याचा मोह टाळा. २०२२ पासून यूजीसीने परवानगी दिलीय, पण तास दिलेले नाहीत.

भोसरीचा_हिशेबनीस
ठरलं. डीबीएमएसला नाव घालतो, जुलैच्या सत्रात. लेफ्ट_जॉइन, तुमच्या कोड्याचा प्रयत्न: बिलाच्या ओळी तीन, पेमेंटं दोन. बिल नंबरवर दोन्ही जोडल्या की तीन दुणे सहा ओळी. प्रत्येक पेमेंट तीनदा मोजलं गेलं, म्हणून १,१८,००० चे ३,५४,०००. आणि बिलाच्या ओळींची बेरीज दोनदा, २,३६,००० दिसत असणार. बरोबर?

लेफ्ट_जॉइन
अगदी. आता दुरुस्ती: आधी ओळींची बेरीज बिल नंबरवर ग्रुप करून एक ओळ करा, पेमेंटची तशीच वेगळी करा, मग त्या दोन बेरजा बिलाला जोडा. जोडताना लेफ्ट जॉइन (बिलाच्या सगळ्या ओळी राखणारी जोड), नाहीतर एक पैसाही न दिलेली बिलं यादीतून गायब होतात, आणि नेमकी तीच बघायची असतात.

मार्चएंडची_मारिया
आणि ६८,००० चा चेक या बिलाचे १८,००० आणि दुसऱ्या बिलाचे ५०,००० असा असेल तर?

लेफ्ट_जॉइन
मग पेमेंटच्या टेबलात बिल नंबर ठेवणंच चूक. मधे एक ॲलोकेशनचं टेबल लागेल: पेमेंट नंबर, बिल नंबर, लावलेली रक्कम. ॲडव्हान्सला त्यात ओळच नसेल, आणि टीडीएस कापलेला स्वतंत्र ओळीत दाखवावा लागेल, नाहीतर बिल कधीच शून्यावर येणार नाही. हिशेबनीस, हे टेबल कागदावर काढून इथे टाका, क्रेडिट नोटसकट.